बंधाऱ्यावरचे दोन माठ

निवृत्त पोलिसाला लग्नकार्यात हमखास एक प्रश्न विचारला जातो: साहेब, तुमची सगळ्यात अवघड केस कोणती? विचारणारे खुनाची किंवा दरोड्याची गोष्ट ऐकायला सरसावून बसलेले असतात. मी मिरचीच्या शेतांची आणि माठांची गोष्ट सुरू केली, की निम्मे जण जेवणाच्या रांगेकडे निघून जातात. जाऊ देत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातली सर्वांत टोचणारी त्याच प्रकरणातली आहे, म्हणून ते डोक्यातून जात नाही.

२०१७ चा उन्हाळा होता. पालघर जिल्हा वेगळा होऊन जेमतेम तीन वर्षं होत होती आणि डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. ठाण्याची कामं ठरलेली: महामार्गावरचे अपघात, सीमेपलीकडून येणारी दारू, बांधावरून झालेली डोकेफोड, जत्रेचा बंदोबस्त. माणसांची नावं मी सांगणार नाही, गावाचंही नाही. त्यातले बरेच जण अजून तिथेच राहतात आणि एकमेकांची तोंडं रोज बघतात.

आमच्या हद्दीत एक ओहोळ होता. वरच्या अंगाला त्यावर सिमेंटचा छोटा बंधारा आणि बंधाऱ्याच्या खाली दोन पाड्यांची मिळून वीसेक घरांची मिरचीची शेतं. पाणी घ्यायच्या पाळ्या बांधलेल्या होत्या. कोणी सोमवारी इंजिन लावायचं, कोणी मंगळवारी, आणि दुसऱ्याच्या पाळीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आदल्या वर्षी शेतकऱ्यांच्या गटाने बंधाऱ्यावर पाणी तपासायचं यंत्र बसवून घेतलं होतं. लोखंडी खांब, त्यावर वहीएवढं सौर पॅनेल, खाली एक डबा, डब्यात मोबाइलचं सिम, आणि डब्यातून निघालेल्या लांब वायरीच्या टोकाला बोटाएवढी जाड दांडी पाण्यात सोडलेली. पाण्यातला आंबटपणा किंवा क्षार वाढले, की त्या दांडीला कळायचं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर धोक्याचा मेसेज जायचा. पाणी ठीक असलं तरी रोज सकाळी मेसेज यायचाच: 'आज पाणी योग्य आहे.' दांडी बंद पडली किंवा कोरडी राहिली तर तसाही मेसेज जायचा. गटाचे एक तंत्रज्ञ डहाणूहून अधूनमधून येऊन सगळं बघून जायचे. रोजची निगा राखायला बंधाऱ्याशेजारी राहणारा एक माणूस नेमला होता. दांडीवरचं शेवाळ पुसायचं आणि गुरांना खांबाला घासू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्याला सगळे राखणदार म्हणायचे.

एप्रिलच्या सुरुवातीला एके सकाळी ठाणे अंमलदाराकडे फोन आला. ओहोळात विष कालवलंय, मासे मेलेत, मिरची करपलीय आणि ज्याने हे केलं त्याला आम्ही धरून ठेवलाय. 'धरून ठेवलाय' हे शब्द कानावर पडले, की पोलिसाने हातातला चहा खाली ठेवायचा असतो, कारण पुढच्या अर्ध्या तासात एका गुन्ह्याचे दोन होऊ शकतात. मी जीप काढली.

सुदैवाने मारहाण झाली नव्हती. साठीच्या आतबाहेरचा एक शेतकरी काठावरच्या दगडावर बसला होता आणि त्याच्याभोवती पंधरावीस माणसं उभी होती. सगळी त्याच्याच नात्यागोत्यातली. ओहोळात पांढऱ्या पोटाचे मासे तरंगत होते. शेतांमध्ये मिरचीची पानं कडेने तांबडी होऊन वळली होती आणि फुलांचा सडा खाली पडला होता. ऐन तोडणीचे दिवस होते. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. 

संशय म्हाताऱ्यावर का, ते लोकांनी सांगितलं आणि ते पटण्यासारखं होतं. एक तर त्याचं शेत बंधाऱ्याखालचं पहिलं, ओहोळाला अगदी लागून. दुसरं, वीस घरांची मिरची करपली आणि याची एकट्याची हिरवीगार. तिसरं असं, की पाच-सहा दिवस आधी तोच सगळ्यांना सांगत फिरला होता, पाणी लावू नका, पाणी चांगलं नाही. लोकांनी मोबाइल काढून बघितला होता. मोबाइलवर पाणी योग्य होतं. त्यांनी त्याची चेष्टा केली, आपापल्या पाळीला इंजिनं सुरू केली आणि आठवडा संपायच्या आत पानं करपली. आता ते विचारत होते, यंत्राला नाही कळलं ते याला कसं कळलं?

घरझडतीत आणखी एक गोष्ट सापडली. टोपलीभर वाळलेली गेळाची फळं. उन्हाळ्यात ओहोळाचे डोह आटले, की या भागात गेळ ठेचून डोहात टाकतात, त्याने मासे झिंगून वर येतात आणि हाताने वेचता येतात. जुनी पद्धत आहे. मी पंचांसमक्ष टोपली जप्त केली, पाण्याचे आणि माशांचे नमुने बाटल्यांत भरून लाखेने सील केले आणि प्रयोगशाळेकडे रवाना केले. अहवाल कधी येणार हे पाठवणाऱ्याने विचारायचं नसतं.

म्हाताऱ्याचा जबाब मी स्वतः घेतला. तो शांत होता. त्याने सांगितलं, की त्या दिवशी पहाटे तो ओहोळावर गेला तेव्हा खेकडे पाण्यातून निघून काठावर आले होते. एकदोन नाही, पुष्कळ. हाकलले तरी परत पाण्यात जायला तयार नव्हते. "साहेब, खेकडा पाणी सोडून उन्हात बसला, तर पाण्यात कायतरी हाय ना? मी म्हणून इंजिन लावलं नाय. सगळ्यांना बोललो. ऐकलं नाय कोणी."

"आणि गेळ?"

"गेळ मासं धरायला. गेळानं मासा झिंगतो, मिरची नाय जळत."

मी तंत्रज्ञांना फोन लावला. त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, की बंधाऱ्यावरचं पाणी महिनाभर स्वच्छ आहे, एकदाही बिघडलेलं नाही. म्हणजे जे काही पाण्यात पडलं ते बंधाऱ्याच्या खाली पडलं. आणि बंधाऱ्याखालचं पहिलं शेत म्हाताऱ्याचं. माझ्या डोक्यात दोन रेघा जुळल्या आणि मी त्याला एक वाक्य बोललो. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

"बाबा, माणूस खोटं बोलतो. यंत्र खोटं बोलत नाही."

तो काही बोलला नाही. आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्या गप्प बसण्याला मी त्या वेळी गुन्ह्याची कबुली समजलो. बराच काळ नोकरी केलेल्या पोलिसाला गप्प बसलेल्या माणसात कबुली दिसायला लागते. नव्या अधिकाऱ्यांना मी या सवयीबद्दल आवर्जून सावध करत आलो आहे.

अटक करण्याइतका पुरावा नव्हता, म्हणून मी त्याला रोज सकाळी ठाण्यात चौकशीला यायला लावलं. रोज बोलावण्याइतकी गरज होती का? खरं सांगायचं तर नव्हती. पण पाड्यातले लोक तापलेले होते, तो दिवसभर डोळ्यांसमोर राहिलेला बरा, अशी मी माझी समजूत घातली. लोकांनीही आपला निर्णय दिला होता. चौकशी संपेपर्यंत म्हाताऱ्याची पाळी बंद. पाणी आठवडाभरात निवळलं, बाकीच्यांनी वाचलेल्या झाडांना पाणी द्यायला सुरुवात केली, पण त्याच्या इंजिनाचा पाइप लोकांनी ओहोळातून काढून काठावर टाकला. आजाराने पडलेल्या बायकोचं औषधपाणी, पावसाआधी शाकारायचं छप्पर, सगळं त्या हिरव्या मिरचीवर होतं, आणि एप्रिलच्या उन्हात पाण्याशिवाय ती किती दिवस तग धरणार हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तो रोज यायचा आणि जाताना एकच विचारायचा, "साहेब, माझी पाळी कधी?" मी म्हणायचो, अहवाल येऊ द्या.

तो सकाळच्या पहिल्या शेअर मॅजिक गाडीने यायचा आणि सातच्या आधीच ठाण्याच्या दारात हजर असायचा. डायरीत त्याच्या येण्याची वेळ रोज नोंदली जायची. साहेब येईपर्यंत नुसतं बसायचं कसं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने व्हरांड्यातला माठ उचलला, आदल्या दिवशीचं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं, माठ आतून हात फिरवून धुतला आणि बोअरच्या नळावर पुन्हा भरून ठेवला. मग ते रोजचंच झालं. आमच्याकडे सायवनकडची एक महिला हवालदार होती, तोंडाची फटकळ आणि कामाला चोख. ती शिपायांना टोमणे मारायची, की सरकारी पगार तुम्ही घेता आणि माठ संशयित भरतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिला घेऊन बंधाऱ्यावर गेलो. तंत्रज्ञ बरोबर होते, त्यांनी येत असल्याचं राखणदाराला आधी कळवलं होतं. राखणदार पंचेचाळिशीचा, हसतमुख आणि अगत्यशील. दांडी पाण्यात होती, डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, सगळं व्यवस्थित. खांबाला लागूनच जांभळाचं झाड होतं. त्याच्या सावलीत ओल्या वाळूवर दोन माठ ठेवलेले. एकावर झाकणी आणि पेला. दुसऱ्यावर नुसतं फडकं. राखणदाराने आम्हाला पेल्याने पाणी दिलं. येणाराजाणारा पितो, दहा वर्षं मी इथे माठ भरून ठेवतो, असं तो म्हणाला. पाणी इतकं गार होतं, की मी दुसरा पेला मागून घेतला. दोन माठ कशाला, हे मी विचारलं नाही. दिसत होतं सगळं, पण संशयित ठरलेला होता, त्यामुळे मी फक्त त्याच्याविरुद्धचं शोधत होतो.

तीन-चार दिवसांनी तंत्रज्ञांनी तोवरच्या महिन्याभराच्या नोंदी कागदावर छापून आणून दिल्या. तीन रेघा होत्या. आंबटपणाची रेघ सरळ, क्षारांची सरळ. तिसरी तापमानाची. तंत्रज्ञ म्हणाले, तापमान यंत्र आपोआप टिपतं, आम्ही ते कधी बघत नाही, धोक्याचा मेसेज पहिल्या दोन रेघांवरच ठेवलेला आहे. मी कागद तपासाच्या फायलीला टाचणीने लावला. म्हाताऱ्याविरुद्धचा भक्कम पुरावा म्हणून.

पुढच्या सकाळी मी ठाण्यात आलो तो उन्हातून, तहानलेला. माठातून पाणी घेतलं तर ते कोमट. मी कुरकुरलो. महिला हवालदार टेबलावर फायलीचे कागद लावत होती. ती म्हणाली, "सर, बाबांनी आत्ताच भरलाय. माठ भरल्या भरल्या गार होतो का? दुपारनंतर प्या." आणि बोलता बोलता तिची नजर हातातल्या कागदावर थांबली. ती कागद घेऊन माझ्यापुढे आली आणि तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. रोज सकाळी सातच्या सुमाराला रेघ एकदम वर उडी मारत होती आणि मग दिवसभर हळूहळू खाली उतरत होती. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा उडी.

"सर, हे ओहोळाचं पाणी नाही. ओहोळाचं पाणी दुपारी तापतं. हे दुपारी गार होतंय. हे माठातलं पाणी आहे आणि कोणीतरी रोज सकाळी तो माठ भरतंय."

मी कागद उलटसुलट करून बघितला. महिन्याच्या सुरुवातीला रेघ वेगळी होती, दिवसा चढणारी आणि पहाटे उतरणारी, उघड्यावरच्या पाण्याची असावी तशी. मिरची करपण्याच्या आठवडाभर आधी एका दिवसापासून ती बदलली होती. मधे फक्त एका दुपारी तासाभरापुरती पुन्हा चढली होती. ती आम्ही बंधाऱ्यावर गेलो ती दुपार. मी फोन लावून तंत्रज्ञांना विचारलं. त्यांनी पलीकडे कॉम्प्युटरवर तीच रेघ उघडून बघितली आणि म्हणाले, "साहेब, दांडी बाहेर काढलेली आहे. मी बघायला हवं होतं."

आणखी एक गोष्ट मला हवालदाराने दाखवायची गरज पडली नाही. गेले आठ दिवस सकाळी सातला तो माठ भरला जात होता तेव्हा म्हातारा माझ्या ठाण्यात, बंधाऱ्यापासून बारा किलोमीटर लांब, माझाच माठ भरत होता. याची नोंद माझ्याच डायरीत होती. व्हरांड्यात तो नेहमीच्या बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला बघवलं नाही.

या वेळीही महिला हवालदार आणि तंत्रज्ञांना सोबत घेतलं, पण कोणालाही आगाऊ कळवू दिलं नाही. साध्या कपड्यांत, दोन पंच घेऊन, आशागडच्या एका ओळखीच्या माणसाची खासगी जीप मागून आम्ही अकराच्या सुमाराला बंधाऱ्यावर पोहोचलो. राखणदार घरामागे लाकडं फोडत होता. जांभळाखाली दोन माठ तसेच. दुसऱ्या माठाच्या फडक्याखालून काळी वायर बाहेर आली होती आणि खांबावरच्या डब्यापर्यंत गेली होती. हिरवा दिवा लुकलुकत होता. मी फडकं उचललं. स्वच्छ, गार पाण्यात दांडी उभी होती आणि वीस घरांच्या मोबाइलवर पाणी योग्य असल्याचं कळवत होती.

पंचनामा सुरू असताना राखणदार आला. आम्हाला ओळखल्यावर त्याने आधी काय केलं असेल? पहिल्या माठातलं पाणी पेल्यात घेऊन माझ्यापुढे धरलं.  मी तो घेतला नाही. त्याला मी सावलीत बसवलं, स्वतःही खाली बसलो. चौकशीचे अनेक प्रकार मी पाहिले आहेत. आवाज चढवून कबुली लवकर मिळते आणि कोर्टात तितक्याच लवकर फिरते. म्हणून मी त्याला छापील कागद दाखवला आणि रेघांचा अर्थ सांगितला. रोज सकाळी सातला तू काय करतोस ते या कागदावर आहे, असं म्हणालो.

तो फार वेळ अडून बसला नाही. कुठल्याशा कारखान्यांचं आम्लाचं सांडपाणी टँकरमधून नेऊन टाकायचं कंत्राट घेतलेला एक शेठ होता. लांब नेण्याचा खटाटोप वाचावा म्हणून त्याने बंधाऱ्याच्या वर, रस्त्याखालून ओहोळ जातो ती मोरी हेरली होती. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, टँकर मोरीवर उभा करून कॉक सोडायचा. अडचण होती फक्त यंत्राची. शेठने राखणदाराला घराशेजारी बोअर मारून दिली. दांडी बंद केली तर मेसेज जातो, हे राखणदाराला माहीत होतं. म्हणून दांडी त्याने माठात सोडली. प्लास्टिकच्या बादलीत सोडली असती तर गुरांनी तोंड घातलं असतं, माठ कसा, झाडाखाली शोभून दिसतो. मला त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं, ते मी लपवत नाही. बोभाटा झाल्यावर टँकर थांबला होता, पण चार दिवसांनी पुन्हा येणार होता, म्हणून दांडी अजून माठातच होती.

"बोअरचं पाणी भरत होतास?"

"हो साहेब."

"यंत्राच्या माठातलं रोज कशाला बदलायचं? यंत्राला शिळं चाललं असतं. बदललं नसतंस तर आम्हाला कळलंही नसतं."

या प्रश्नावर तो खरोखर गोंधळला. इतका वेळ भीती होती चेहऱ्यावर, आता नुसतं नवल होतं. मी काहीतरी विचित्र विचारलं असावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब, माठात शिळं पाणी कसं ठेवायचं? सकाळी दोन्ही माठ पालथे घालायचे आणि भरायचे. यंत्राचा असला म्हणून काय झालं?"

माझ्या मागे उभी असलेली महिला हवालदार एवढंच म्हणाली, "आणि खाली काय सोडत होतात?"

तो रडायला लागला. खोटं रडणं मी ओळखतो, ते खोटं नव्हतं. खाली त्याचा सख्खा मेहुणा मिरची करत होता, त्याचीही मिरची जळली होती. टँकरवाला म्हणाला होता, पाणी वाहतं आहे, वाहून जाईल, आणि याने ते मानून घेतलं होतं. मोरी त्याच्या दारातून दिसत नव्हती. शेतंही दिसत नव्हती. दिसत होता तो फक्त माठापाशी येणारा तहानलेला माणूस.

चार दिवसांनी आम्ही मोरीजवळच्या झाडीत दुपारचा सापळा लावला आणि टँकर कॉकसकट पकडला. शेठ ठाण्यात आला तो आवाज चढवूनच. "साहेब, एवढ्याशा पाण्यासाठी एवढी धमाल? आपण बसून सेटल करू ना." मी त्याला समोरचा बाक दाखवला आणि लेखनिकाला जबाब लिहायला सांगितलं. विषारी द्रव्य निष्काळजीपणे हाताळणं, सार्वजनिक पाणी दूषित करणं, शेतीच्या पाण्याचं नुकसान करणं, अशी कलमं लागली. दोषारोपपत्र मी माझ्या सहीने पाठवलं. प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर आला. त्यात तीव्र आम्ल होतं, गेळाचा अंशही नव्हता. राखणदार पुढे सरकारी साक्षीदार झाला. कोर्टाचं कोर्ट जाणे, माझी तोवर बदली झाली होती.

पण शेठ पकडण्याच्या आधीच, ज्या दिवशी माठ सापडला त्याच दुपारी, मी म्हाताऱ्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून पाड्यावर घेऊन गेलो. माणसं जमली. शेठचा आणि टँकरचा विषय तेवढा सापळ्यासाठी राखून मी बाकी सगळं सांगितलं. यंत्राची दांडी कुठे होती ते सांगितलं, आणि चूक पोलिसांची म्हणजे माझी झाली हेही सांगितलं.  लोक खाली बघत होते. ज्यांनी पाइप काढून टाकला होता त्यातल्याच दोघांनी तो उचलला आणि ओहोळात सोडला.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी खेकड्यांचं सांगितलं होतं. जबाबात ते माझ्याच अक्षरात आहे. मी लिहिलं, पण ऐकलं नाही. माफ करा."

त्याने हात जोडले नाहीत, रागावलाही नाही. त्याने शेताकडे बघितलं. निम्मी मिरची वाळून गेली होती, निम्मी माना टाकून उभी होती. "साहेब," तो म्हणाला, "आज वार कुठला?"

"गुरुवार."

"माझी पाळी गुरुवारची." आणि तो इंजिनाकडे चालू लागला.

निम्मी मिरची गेली ती गेली. त्याची भरपाई मी करू शकलो नाही आणि कोणी केल्याचंही माझ्या ऐकिवात नाही. गटाने पुढे दांडी लोखंडी जाळीत कुलूपबंद केली आणि तापमान बिघडलं तरी मेसेज जाईल अशी सोय केली. राखणदार म्हणून म्हाताऱ्याला नेमलं. आता मोबाइलवर काहीही येवो, खेकडे वर आले की तो आधी ओरडतो, असं त्या महिला हवालदारानेच मला फोनवर सांगितलं होतं.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार समोर आला, की पोलिसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तू कुठे उभा होतास? मी तो हजारदा विचारला असेन. यंत्राला विचारायचं मात्र मला सुचलं नाही, कारण त्याला आकडे होते आणि म्हाताऱ्याकडे फक्त खेकडे होते. यंत्राने खोटं सांगितलंच नव्हतं. ते जिथे ठेवलं होतं तिथलं पाणी खरोखर चांगलं होतं. आणि राखणदाराबद्दल मी अजून निवाडा करू शकलेलो नाही. दिसणाऱ्याला शिळं पाणी न देणारा माणूस न दिसणाऱ्याच्या शेतात आम्ल जाऊ देतो, हे मी त्या दिवशी बघितलं. मग माझ्याकडेही बघितलं. मीही माठाजवळचा पेला बघत बसलो होतो आणि खाली वाळत चाललेली मिरची मला आठ दिवस दिसली नव्हती.

म्हाताऱ्याला पाड्यावर सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर ठाण्यात गेलो. बाक रिकामा होता. माठात आदल्या दिवशीचं पाणी तसंच होतं आणि शिपाई नेहमीप्रमाणे एकमेकांकडे बघत होते. मी टोपी टेबलावर ठेवली, माठ उचलला, पाणी तुळशीला घातलं, आतून हात फिरवून धुतला आणि नळाखाली धरला. बदली होईपर्यंत तो मीच भरला.